एच-४ वरच्या विद्यार्थिनीने स्थलांतरितांसाठी काम कुठून सुरू करावं?

प्रश्न असा आला आहे: "मी न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा मी सात वर्षांची होते; मी त्यांच्यावर अवलंबून असलेल्या मुलांच्या एच-४ व्हिसावर आहे. ग्रीन कार्ड अजून नाही, आणि पुढच्या वर्षी मला २१ पूर्ण होतील. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी मनापासून काम करायचं आहे, पुढे जमलं तर नगर परिषदेपर्यंत जायचं आहे. एका शिष्यवृत्तीच्या अर्जात याच विषयातली बांधिलकी आणि नागरी नेतृत्व यावर निबंध मागितला आहे. आई-बाबा म्हणतात, आधी स्वतःचं स्टेटस सांभाळ, नसत्या भानगडीत पडू नकोस. ताई, सुरुवात कुठून करू?"

तुझ्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तू अर्ध्या वाक्यात उरकलीस: पुढच्या वर्षी २१ पूर्ण. मी इथल्या एका ना-नफा संस्थेत बरीच वर्षं स्थलांतरितांच्या केसेस बघते. वकील नाही, न्याय खात्याची मान्यता असलेली प्रतिनिधी आहे. माझ्याकडे येणाऱ्या तुझ्या वयाच्या मुलांना डाकाचे (लहानपणी आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं वाचवणाऱ्या योजनेचे) नियम तोंडपाठ असतात, पण स्वतःच्या बाबांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, विचारली तर ती फोन करून विचारून सांगतात. म्हणून आधी तुझी फाइल, मग चळवळ.

एच-४ एकविसाव्या वाढदिवशी संपतो. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याच्या नोंदीवर, त्यापुढची तारीख छापलेली असली तरी तिच्यावर विसंबू नकोस. मुलांना यातून थोडं संरक्षण देणारा २००२ चा कायदा आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट. त्याचा हिशेब असा: व्हिसा नंबर उपलब्ध होईल, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत बाबांची पाळी येईल, त्या दिवशीचं तुझं वय घ्यायचं, आणि बाबांसाठी त्यांच्या कंपनीने केलेला आय-१४० हा ग्रीन कार्डचा अर्ज जितके दिवस निर्णयाविना पडून होता तितके दिवस त्यातून वजा करायचे. आता कितीतरी मराठी घरांत आय-१४० प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे जादा फी भरून, दोन-तीन आठवड्यांत मंजूर करून घेतलेला असतो, म्हणजे वजा करायला जवळजवळ काही उरतच नाही. तेव्हा ज्या झटपट मंजुरीचे पेढे वाटले, तीच मुलांना पुढे महागात पडते. नंबर सरकारच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधल्या कोणत्या तक्त्यावरून उपलब्ध झाला असं धरायचं, यावरही सरकारने भूमिका बदलली आहे: फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांना सोयीचा, लवकरची तारीख देणारा तक्ता धरला, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा उशिराचा. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा एखादा व्हिडिओ बघून निर्धास्त राहू नकोस. २०२५ च्या उन्हाळ्यात ईबी-२ मधला (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या दुसऱ्या गटातला) भारतीयांचा नंबर २०१३ च्या सुरुवातीच्या तारखांपाशी अडकला होता. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, तीही बायको-मुलांसकट, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्के. रांग लांबते ती यामुळे.

बाबांची तारीख त्यानंतरची असेल तर तुला बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल. स्टेटस बदलण्याचा आय-५३९ अर्ज वाढदिवसाच्या आत पोचलेला हवा, आणि तो पडून असताना भारतात गेलीस तर तो सोडून दिल्यासारखा धरतात. आजीला भेटायचं असेल तर त्याआधी किंवा त्यानंतर. एकदा चांगल्या इमिग्रेशन वकिलाकडे बाबांना घेऊन बस. आय-१४० ची मंजुरी, तुझे सगळे आय-९४ आणि पासपोर्ट घेऊन जा.

हे सगळं एवढं लांबवून सांगितलं, कारण स्वतःची फाइल पानन् पान समजून घेणारा विद्यार्थी पुढे दुसऱ्याच्या फाइलला हात लावताना जपून लावतो. पानं न वाचता भाषणं करणारी मुलंही मी बघते. त्यांच्यावर विसंबून लोक चुकीचा अर्ज भरतात.

आता आई-बाबांचं म्हणणं. त्यांची भीती पोकळ नाही, ती उडवून लावू नकोस. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या रुमेसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीला मॅसॅच्युसेट्समध्ये रस्त्यावरून ताब्यात घेतलं. त्याच्या वर्षभर आधी तिने इतर विद्यार्थ्यांसोबत कॉलेजच्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला होता. तिला लुइझियानातल्या डिटेन्शन सेंटरमध्ये नेलं, आणि मे महिन्यात न्यायाधीशाच्या आदेशाने ती सुटली. त्याच वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविसमधल्या, म्हणजे त्यांच्या स्टेटसच्या सरकारी नोंदवहीतल्या, नोंदी एकाएकी बंद झाल्या. अनेक जण कोर्टात गेले आणि एप्रिलअखेरीस सरकारने त्या पूर्ववत करायला घेतल्या. बोलण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेने नागरिक नसलेल्यांनाही दिलं आहे, ही गोष्ट खरी. पण ते स्वातंत्र्य कोर्टात सिद्ध होईपर्यंतचे आठवडे कोठडीत कोणी काढायचे, हा प्रश्नही तितकाच खरा. म्हणून माझा सल्ला असा की काम भरपूर कर, पण कोणतं काम कोणी करायचं हे स्टेटस बघून वाटून घ्या. इमिग्रेशन कोर्टातली बरीचशी सुनावणी लोकांना बसून ऐकता येते, आणि २०२५ पासून कोर्टाच्या आवारातच अटका होऊ लागल्यावर अशा निरीक्षकांची गरज वाढली आहे. तिथे नागरिक असलेल्या मैत्रिणींना पाठव. त्यांचं वेळापत्रक, त्यांचं प्रशिक्षण, त्यांनी आणलेल्या टिपणांची नीट नोंद हे काम तू कर. त्यात कमीपणा नाही.

काही गोष्टी मात्र तुझ्यासाठी पूर्ण बंद आहेत. मतदान नाही. निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी नाही, अगदी पाच डॉलरचीसुद्धा. ग्रीन कार्ड नसलेल्यांना ती कायद्याने मना आहे. उमेदवारासाठी बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करता येतात. आणि सगळ्यात मोठा सापळा एमव्हीसीच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या वाहन परवाना कार्यालयाच्या, खिडकीवर असतो. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, मागे रांग असते, खिडकीवरची बाई घाईत असते, आणि आपण नीट न वाचता सही करून मोकळे होतो. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी तोच कागद समोर येतो. नागरिक असल्याचा खोटा दावा केला असं ठरलं तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात, आणि त्यातून सूट मिळण्याच्या वाटा जवळजवळ नाहीत. तुमच्या कॅम्पसवर मतदार नोंदणीचं टेबल लागतं तिथेही हे सांग. येणाऱ्या प्रत्येकाला आधी "तू नागरिक आहेस का?" हे विचारायचं, आणि उत्तर "माहीत नाही" आलं तर फॉर्म द्यायचा नाही. एखाद्या कॉलेजात एवढी एक शिस्त लागली तरी दरवर्षी कोणाचं ना कोणाचं आयुष्य वाचतं.

इंटर्नशिपचंही तसंच. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते तू फुकट केलंस तरी "अनधिकृत नोकरी" हा प्रश्न उभा राहू शकतो. इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव.

मग करायचं काय? मला विचारशील तर नागरिकत्व क्लिनिकपासून सुरुवात कर. तिथे मोर्चा नसतो, कॅमेरा नसतो, आणि कायदा खरा कसा चालतो ते टेबलावर बसून कळतं. शनिवारी सकाळी चर्चच्या किंवा वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबलं लागतात, ग्रीन कार्डधारक कागदांच्या पिशव्या घेऊन येतात, विद्यार्थी एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरून देतात आणि शेवटी वकील किंवा आमच्यासारखे प्रतिनिधी प्रत्येक फॉर्म तपासतात. आपल्याकडच्या आजी-आजोबांची केस घे. मुलाने त्यांचं ग्रीन कार्ड काढलं, पण थंडी सुरू झाली की ते पुण्याला किंवा नागपूरला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. नागरिकत्वासाठी गेल्या पाच वर्षांतला प्रत्येक प्रवास लिहावा लागतो. एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात, आणि ते तुटलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर येते. वर्षभर बाहेर राहिलं तर वास्तव्य तुटलंच. आजोबांना खेपा आठवतात त्या कार्यांवरून: नातीचं बारसं, पुतण्याचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन. तुझं काम पासपोर्टचे शिक्के, तिकिटं आणि आजोबांची डायरी समोर ठेवून तारखा जुळवायच्या. त्यात एक बारकावा: डायरीत ७/३ म्हणजे ७ मार्च असतो, आणि फॉर्मवर तसंच उतरवलं तर तो ३ जुलै होतो. मुलाखतीत अधिकारी त्याच तारखेवर बोट ठेवतो आणि म्हातारा माणूस गोंधळतो.

याच टेबलावर तुझी मर्यादाही पाळायला शिकशील. "या प्रश्नाला हो म्हणू की नाही?" असं आजोबांनी विचारलं तर सल्ला द्यायचा नाही, वकिलाला हाक मारायची. परवान्याशिवाय कायदेशीर सल्ला देणं गुन्हा ठरू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो सल्ला चुकला तर निस्तरावं दुसऱ्यालाच लागतं.

क्लिनिकला जोडून नागरिकशास्त्राचा वर्ग घे. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज केले त्यांच्यासाठी परीक्षा बदलली आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. आधी १०० पैकी १० विचारून ६ पुरत होते. वयाची ५० वर्षं आणि ग्रीन कार्डची २० वर्षं, किंवा ५५ आणि १५, पूर्ण झाली असतील तर इंग्रजीची अट सुटते आणि परीक्षा दुभाषामार्फत स्वतःच्या भाषेत देता येते. हे कित्येक मराठी काकूंना माहीत नसतं. इंग्रजीच्या धास्तीने त्या अर्जच करत नाहीत. मराठीतून राज्यघटना समजावून सांगणारी मुलगी आम्हाला हवीच आहे. सेनेट म्हणजे काय, दुरुस्ती म्हणजे काय, हे आजींना पटेल असं सांगता आलं की नगर परिषदेत बोलायची तयारी अर्धी झालीच.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या घरांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "आम्ही रांगेत उभे राहिलो, त्यांनी रांग मोडली." तू या कामात उतरलीस की मंडळाच्या गणपतीत, भोंडल्यात, कुठेही हे ऐकावं लागेल. रागावू नकोस, पण ते ऐकून गप्पही बसू नकोस. मेक्सिकोतून आलेल्या बहुतेक मजुरांसाठी उभं राहता येईल अशी रांगच कायद्यात नाही: अर्ज करणारा मालक नाही, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जवळचा नातेवाईक नाही, तर अर्ज करायला खिडकीच नाही. आणि ज्यांना रांग मिळाली त्यांची काय गत आहे ते तू स्वतःच्या घरात बघतेस. ही दोन दुःखं एकमेकांविरुद्ध उभी करणारे लोक दोन्ही पक्षांत आहेत. तुझ्यासारख्या मुलांनी २०१७ मध्ये 'इम्प्रूव्ह द ड्रीम' सुरू केलं. दीप पटेल हा त्यांच्यातलाच एक, लहानपणी आईवडिलांसोबत आलेला. कायदेशीर व्हिसावर वाढलेली अशी सुमारे दोन-अडीच लाख मुलं आहेत हे त्यांनी काँग्रेसच्या ऑफिसांमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन सांगितलं, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना हा प्रश्न कळला. २०२१ मध्ये अशा मुलांसाठी 'अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट' हे विधेयक मांडलं गेलं. प्रतिनिधीगृहात ते डेबोरा रॉस यांनी मांडलं, सेनेटमध्ये डेमोक्रॅट ॲलेक्स पडिया आणि रिपब्लिकन रँड पॉल यांनी. २०२३ मध्ये ते पुन्हा मांडलं, पण मंजूर झालं नाही. मला त्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की त्यांनी डाकाच्या मुलांना कमी लेखून आपली बाजू मांडली नाही. डाकात १५ जून २०१२ ला कायदेशीर स्टेटस असलेली मुलं बसत नव्हती, म्हणजे तक्रार करायला जागा होती. तरीही त्यांनी दोघांसाठी मागणी केली.

डाका मिळाला तोही विद्यार्थ्यांमुळे, आणि तो कसा मिळाला हे नीट समजून घे. ड्रीम ॲक्ट, म्हणजे कागदपत्रं नसलेल्या अशा मुलांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणारं विधेयक, पहिल्यांदा २००१ मध्ये आला. डिसेंबर २०१० मध्ये तो प्रतिनिधीगृहात मंजूर झाला आणि सेनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मतांवर अडला, कारण चर्चा संपवायला ६० लागतात. त्याच वर्षाच्या सुरुवातीला चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनला पायी चालत गेले होते. सेनेटचं दार बंद झाल्यावर मुलांनी दुसरं दार शोधलं: राष्ट्राध्यक्षांना कायदा करता येत नाही, पण कोणाला हद्दपार करायचं यातला प्राधान्यक्रम ठरवता येतो. कायद्याच्या प्राध्यापकांनी मे २०१२ मध्ये पत्र लिहून हा अधिकार कुठून येतो ते दाखवलं, आणि पुढच्याच महिन्यात डाका जाहीर झाला. २०२० मध्ये तो रद्द करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने बेकायदा ठरवली. आजही सुमारे पाच लाख लोक त्यावर आहेत, आणि आजही तो कोर्टात लोंबकळतोय. मोर्चे सगळ्यांना आठवतात. पण निर्णय कोणाच्या टेबलावर आहे हे शोधून तिथे योग्य कागद पोचवणारी मुलंही होती, आणि त्यांच्यावाचून हे झालं नसतं.

नगर परिषदेचं स्वप्न आहे म्हणतेस, तर दलीपसिंग सौंद यांच्याबद्दल वाच. १९२० मध्ये ते बर्कलीत शिकायला आले, १९२४ मध्ये गणितात पीएचडी केली. त्याआधीच, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं होतं. सौंद यांनी इंपिरियल व्हॅलीत शेती केली, कॅलिफोर्नियात जमीन स्वतःच्या नावावर करता येत नसताना. १९४२ मध्ये ते इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिकाचे अध्यक्ष झाले, आणि भारतीयांना नागरिकत्व देणाऱ्या १९४६ च्या कायद्यासाठी झटले. १९४९ मध्ये स्वतः नागरिक झाले. न्यायाधीश म्हणून १९५० मध्ये निवडून आले तर नागरिकत्वाला वर्ष झालं नाही म्हणून पद नाकारलं. १९५२ मध्ये पुन्हा निवडून आले, आणि १९५६ मध्ये थेट काँग्रेसवर. मताचा अधिकार नसतानाची त्यांची वर्षंच माझ्या लेखी नागरी नेतृत्वाची आहेत. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात बसतात, ती वाट आधी अशी झालेली आहे.

तुझी वाट नगर परिषदेच्या सभेतून सुरू होऊ शकते, अगदी या महिन्यात. न्यू जर्सीत परिषदेच्या आणि शाळा मंडळाच्या सभेत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, आणि त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही. बहुतेक ठिकाणी तीन ते पाच मिनिटं मिळतात. पहिल्या दोन-तीन सभांना नुसती जाऊन बस. अजेंडा आधी वाच, कोणता सभासद कशावर प्रश्न विचारतो ते टिपून ठेव. मग एकच मागणी घेऊन उभी राहा, जी त्या परिषदेच्या हातात आहे. ग्रीन कार्डचा अनुशेष कमी करा असं एडिसनच्या परिषदेला सांगून काही होणार नाही. पण वाचनालयात शनिवारी नागरिकत्वाच्या वर्गासाठी खोली द्या, पालिकेच्या सूचना गुजराती-हिंदी-स्पॅनिशमध्येही लावा, हे त्यांना उद्या करता येतं. राज्य पातळीवर जायचं असेल तर न्यू जर्सीचा डिसेंबर २०१३ चा फीसंबंधीचा कायदा मुळातून वाच. कागदपत्रं नसलेल्या मुलांना राज्यातल्या विद्यार्थ्यांइतकी फी लावणारा तो कायदा. २०१८ मध्ये राज्याची आर्थिक मदतही मिळू लागली. कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या अशाच कायद्यात बहुतेक व्हिसाधारक मुलं वगळली आहेत. तुमच्या कायद्यात ती कुठल्या शब्दांनी आत किंवा बाहेर ठेवली आहेत ते शोध, आणि त्याचा एक पानी गोषवारा करून तुझ्या आमदाराच्या ऑफिसात दे. तिथला कर्मचारी पुढच्या वेळी तुला नावाने ओळखेल.

निबंधाबद्दल थोडंच सांगते. "मी स्थलांतरितांचा आवाज आहे" असलं काही लिहू नकोस. निवड समितीसमोर तशा निबंधांचा गठ्ठा असतो. एका आजोबांच्या पाच वर्षांच्या तारखा कशा जुळवल्या ते लिही, नाव-गाव बदलून, आणि त्यांना विचारून. क्लिनिकमध्ये ऐकलेलं कुणाचं स्टेटस फोटोत, व्हॉट्सॲपवर, गूगल शीटवर कुठेही जाता कामा नये. निबंधात सांगण्यासारखं काम अजून झालं नसेल तर या वर्षी घाई करू नकोस, पुढच्या वर्षी अर्ज कर. शिष्यवृत्त्या येत राहतात.

पुढे वकील व्हायचंच असं नाही. न्याय खात्याची मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन पदवीनंतर तू माझ्यासारखी प्रतिनिधी होऊ शकतेस: अंशतः मान्यता मिळाली तर इमिग्रेशन खात्यासमोर, पूर्ण मिळाली तर कोर्टातही. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, त्यामुळे प्रत्येक तयार माणूस कुणाच्या तरी बाजूला उभा राहतो.

आणि आईला पहिल्या क्लिनिकला सोबत घेऊन ये. आमच्याकडे मराठी आणि गुजराती समजणारं माणूस कायम कमी पडतं, आणि दुभाषाच्या टेबलावर कुणी स्टेटस विचारत नाही. दोन तास तिथे बसून तू नेमकं काय करतेस ते तिने बघितलं की घरातलं बोलणं बदलेल. येताना बाबांची आय-१४० ची प्रत तेवढी विसरू नकोस, क्लिनिक संपल्यावर आपण ती एकत्र वाचू.